रियाजच्या दुकानात सगळं ठीक

द्वारका, नाशिक
५ मार्च २०२५

चि. तेजल हिस आजीचा जय भीम.

मी बोलते आहे, शेजारची शहनाज लिहिते आहे. तिचा रोजा चालू आहे. त्यामुळे तिला चहा विचारायची सोय नाही आणि तिच्यासमोर मला प्यायची सोय नाही. पत्र लवकर आटपेल.

फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारलंस. बये, फोनवर तू बोलत नाहीस, हुंकार देतेस. मी म्हणते गुडघा दुखतो, तू म्हणतेस हं. मी म्हणते गुडघा चोरीला गेला, तू म्हणतेस हं, काळजी घे. आणि मागे तुझी बोटं खटखट वाजत असतात. पत्र हातात धरलं की बोटं आपोआप गप्प राहतील, म्हणून पत्र. मला अक्षर येत नाही हे बरंच आहे. लिहिण्याचा त्रास शहनाजला, वाचण्याचा तुला, आणि मी नुसती बोलायला मोकळी.

आता कामाचं. कॉलनीतल्या बायका विचारतात, नात पुण्याला काय करते. मी आजवर सांगत आले, कॉम्प्युटरमध्ये आहे. त्यावर पुढे कुणी विचारत नसे. परवा शहनाजच्या जावेने विचारलं, कॉम्प्युटरमध्ये म्हणजे नेमकं कुठे. मी घरी आले. तुझ्या बापाला विचारलं, तर जयराम म्हणाला, 'सर्व्हरचं पॅकेज बनवते,' आणि पेपर डोळ्यांसमोर धरला. त्याला एखादी गोष्ट कळत नसली की पेपर वर जातो, हे मी त्याच्या लहानपणापासून बघते. तेव्हा फक्त पाटी असायची.

शहनाजच्या नवऱ्याच्या दुकानात तू बसवून दिलेली ती कॉम्प्युटरची छोटी डबी मात्र मी सगळ्यांना दाखवते. तुला ठाऊकच आहे, पण जावेला समजावं म्हणून मी सांगते तसं इथेही सांगते: रियाजकडे विहिरीवरच्या जळलेल्या मोटरी येतात. तो आतली जुनी तार उपसतो, तार किती जाड, कुठे किती वेढे, ते बघून ठेवतो, आणि नवी तार तशीच्या तशी भरतो. पूर्वी हे सगळं तो भिंतीवर खडूने लिहायचा. ईदला शहनाज भिंत पुसायची आणि मग दोघांचं आठवडाभर बोलणं बंद. आता तो मोबाईलवर बोट फिरवतो आणि मोटर समोर. दोघांचा संसार तू वाचवलास, पण तो कशाने वाचवलास ते मला सांगता येत नाही. समजेल असं लिही.

तुझी आजी
आक्काबाई


पुणे
९ मार्च २०२५

प्रिय आजी,
जय भीम.

समजेल असं लिहिते. जयंतीला कॉलनीत पंगत बसते ती आठव. पानांपुढे फिरणारा वाढपी वेगळा आणि आत कोठीवर बसणारा वेगळा. वाढपी म्हणजे वेब सर्व्हर. कुणी मागेल ते पान आणून समोर ठेवायचं, एवढंच त्याचं काम. कोठी म्हणजे डेटाबेस. रियाजभाईंच्या मोटरी, त्यांचे वेढे, सगळं कोठीत असतं.

एरवी हे दोघे वेगवेगळे मिळतात. वेगवेगळे बसवायचे, एकमेकांशी ओळख करून द्यायची, कोठीची किल्ली वाढप्याला द्यायची. मोठ्या कंपनीत त्यासाठी माणसं असतात. रियाजभाईंसारख्यांकडे कोण असणार? ते निम्म्यात सोडून देतात. म्हणून मी दोघांना एकाच पेटीत बांधते. बाबा म्हणाले ते पॅकेज म्हणजे ही पेटी, आणि भाईंकडच्या डबीत तीच बसवली आहे. पेटी उघडली, एक बटण दाबलं, की कोठीसकट वाढपी उभा. सॉफ्टवेअर माझं नाही, ते जगातल्या कितीतरी लोकांनी मिळून लिहिलंय. मी फक्त बांधते. पण बांधणी चुकली तर आतलं कितीही चांगलं असो, उपयोग नाही.

बाबांनी पेपर वर धरला त्याला आणखी एक कारण आहे. मी जानेवारीत नोकरी सोडली. हे काम संध्याकाळच्या उरल्यासुरल्या वेळात होत नव्हतं. अशा पेट्यांचं एक मोठं सार्वजनिक भांडार आहे. तिथून कुणीही पेटी फुकट नेतं, आणि नवी आवृत्ती आली की ती लोकांच्या यंत्रांवर आपोआप उतरते. तिथे शिरण्याचं दार वर्षातून दोनदाच उघडतं. आत्ताचं एप्रिलच्या मध्यापर्यंत उघडं आहे. माझी पेटी आत गेली तर भांडार चालवणारी संस्था मला या कामासाठी पगारावर घेणार आहे. नाही गेली तर ऑक्टोबरपर्यंत काय करायचं ते मला माहीत नाही. बाबांना हे कळल्यापासून आमचं फक्त जेवलीस का, हो, एवढंच बोलणं होतं.

नव्या आवृत्तीत मी कोठीची जागा बदलली आहे. आधी ती वाढप्याच्याच खोलीत होती. कुणी वाढप्याला काढलं तर कोठीही जायची. आता वेगळी खोली आहे, आणि पहिल्यांदा सुरू होताना जुन्या कोठीतलं सगळं सामान नव्या कोठीत आपोआप जातं. हे सगळ्यात आधी रियाजभाईंच्या यंत्रावर, इथूनच, शनिवारी चढवते. त्यांना एवढंच सांग की काही बिघडलं तर लगेच कळवा. मला शाबासकी नको आहे, तक्रार हवी आहे.

तुझी,
तेजल


द्वारका, नाशिक
२० मार्च २०२५

प्रिय बहीण कुसाबाई हिस, मु. पो. सटाणा,
थोरलीचा जय भीम.

कुसा, तुझ्या रवीने एसटीतून पाठवलेली मोटर अजून तयार नाही. का नाही, ते तुला खरं सांगते. पण तेजलचा फोन आला तर तिच्यापाशी बोलायचं नाही.

तेजलने रियाजच्या यंत्रावर शनिवारी नवीन काहीतरी चढवलं. सोमवारी रियाजने मोबाईल उघडला. पान आलं. पूर्वीपेक्षा देखणं, निळं. त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, एकही मोटर नाही. त्याने बंद करून परत उघडलं. एकही मोटर नाही. इकडे दुकानात पाय ठेवायला जागा नाही इतक्या मोटरी, सगळ्या पोटं फाडून पडलेल्या, जुनी तार भंगारात गेलेली, आणि कुणाला किती वेढे होते ते त्या डबीला ठाऊक. नेहमीच्या मोटरींचे वेढे रियाजला तोंडपाठ आहेत. पण तुझ्यासारख्यांच्या मोटरी, ज्या आधी चार जणांनी चार तऱ्हेने भरल्यात, त्यांचं काय?

मी म्हटलं, 'तेजलला फोन लाव.' तर म्हणतो, 'आक्का, बेटीने सगळं फुकटात करून दिलं. स्वतः येऊन जमिनीवर बसून वायरी जोडल्या. आता तिचं एवढं मोठं काम तोंडावर आलंय आणि मी सांगू की तुझं बिघडलं? कोणत्या तोंडाने सांगू?' डबीचं बटण बंद केलं आणि वर चादर टाकली, मयतासारखी.

आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. तू बघितलं नाहीस कुसा, गेल्या वर्षी तिच्या कंपनीत काहीतरी अडलं होतं. दिवाळीला आली ती हातात घास धरून बसायची. घास तसाच, डोळे भिंतीवर. मी म्हटलं, भिंतीला भरवतेस का, तर हसलीसुद्धा नाही. तशी ती मला पुन्हा बघायची नाही. एप्रिलच्या मध्यावर तिचं ते दार बंद होतं. ती आत गेली की सांगू. तोवर रियाज डोक्याने चालवतो आहे. तुझी मोटर घरची म्हणून आधी घेतली आहे, वेढे अंदाजाने भरणार आहे. त्याचा अंदाज चांगला असतो.

शहनाजने पेन खाली ठेवलं आहे. म्हणते, 'आक्का, हे चुकतंय. तिने तक्रार मागितली होती, मी स्वतः वाचून दाखवलं तुम्हाला.' मी म्हटलं, लिहिणारी तू, सांगणारी मी. ती म्हणते मग सांगा. आता लिहिते आहे, पण अक्षर रागावलेलं दिसतं. तुला वाचून दाखवताना पूजाला जड जाईल, तिला म्हणावं सांभाळून घे.

तुझी
आक्काबाई


पुणे
२५ मार्च २०२५

प्रिय आजी,

थोडक्यात लिहिते. रियाजभाईंना तीनदा मेसेज केला, कसं चाललंय. तिन्ही वेळा उत्तर म्हणून अंगठा. इथून त्यांच्या यंत्रात बघायला गेले तर यंत्र बंद. फोन केला तर म्हणाले, 'लाइटचा प्रॉब्लेम आहे बेटा, बाकी फर्स्ट क्लास.' इतके दिवस लाइटचा प्रॉब्लेम?

मला झोप नाही. इकडे भांडाराच्या तपासणाऱ्यांनी सगळं बघितलं, त्यांना चूक सापडली नाही. पण ती त्यांची यंत्रं, नवी कोरी. खऱ्या दुकानात, खऱ्या नोंदींवर चाललेली जागा माझ्याकडे एकच आहे, द्वारकेची. तिथून हो आल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही, आणि दिवस तर संपत चाललेत.

म्हणून तू दुकानात जा. बस. रियाजभाई मोबाईलवर मोटरी बघतात का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि मला लिही. भाई भिडस्त आहेत, तू नाहीस. माझ्या पहिल्या पोळीला तू टाचेचं कातडं म्हणाली होतीस. तुझ्या शब्दावर मी विसंबते.

तेजल


द्वारका, नाशिक
२ एप्रिल २०२५

चि. तेजल हिस जय भीम.

परवा ईद झाली. शीरखुर्मा इतका आला की जयरामने दोन दिवस भाजीचं नाव काढलं नाही. पोळीबद्दल म्हणशील तर टाच म्हणाले होते, कातडं तू तुझ्या पदरचं घातलंस.

तू सांगितलंस तशी दुकानात गेले. रियाजने स्टूल पुसून दिलं. त्याच्या दुकानात तेलाचा वास, माझ्या लुगड्याला अजून येतो. सगळं ठीक आहे. रियाज खूश आहे. मोबाईल उघडतो, पान येतं. मला अक्षर कळत नसलं तरी रंग कळतो, निळा छान दिसतो. लाइटचं म्हणशील तर द्वारकेला उड्डाणपुलाखाली कसली तरी खोदाखोदी चालली आहे, ती येते-जाते. कामाची गडबड असते म्हणून तो अंगठे पाठवतो. दिवसभर तार ओढून बोटांना चिरा पडतात त्याच्या, अंगठा तेवढा शाबूत असतो.

तेव्हा जिवाला घोर लावून घेऊ नकोस. तुझं तू कर. दोन वेळा जेव. डाळ-भात झाला तरी चालेल, पण बसून, भिंतीकडे पाठ करून.

शहनाजचं पेन आज फार अडतं आहे. शाई संपली असेल.

आजी


सटाणा
७ एप्रिल २०२५

थोरल्या बाईला कुसाबाईचा जय भीम.

पूजा लिहिती हाय. तिला म्या सांगितलं, जसं बोलते तसंच लिव, गोड करू नको.

तुझ्या रियाजने पाठवलेली मोटर शुक्रवारी आली. शनिवारी रवीने विहिरीवर बसवली. पाणी आलं, लय जोरात आलं, म्या म्हनलं भलं होवो त्याचं. दुपारच्याला जळका वास आला. रवी पळत गेला तवर मोटर धुपली होती. हात लावला तर फोड आला त्याच्या हाताला. इथल्या वाइंडिंगवाल्याने उघडून बघितली. म्हनला, वेढे कमी भरलेत, तापनारच होती. म्हनला, हे काम अंदाजाचं नाय.

बाई, सटाण्यात काय वाइंडिंगवाले नव्हते? तुझ्या शब्दाखातर एसटीत घालून मोटर नाशकाला धाडली. आता मिरची वाळती हाय. शेजारच्याचं पाणी मागून मागून तोंड दुखलं. म्या मोटरीचं बोलत नाय, ती हुईल पुन्हा. म्या तुझं बोलते. पोरगी म्हनती बिघडलं तर सांगा, आन तुम्ही चादर टाकता. तिला घास गोड लागावा म्हनून माझ्या विहिरीत मोटर जाळली. अजून कुना-कुनाची जाळनार हायेस?

रवीचा हात बरा हाय. हे पूजाने आपल्या मनाने लिवलं, म्या सांगितलं नव्हतं.

कुसा


पुणे
८ एप्रिल २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र आलं आणि मी कित्येक दिवसांनी नीट झोपले. तू ‘ठीक’ म्हणालीस म्हणजे ठीक. तुझं पत्र टेबलावर समोर लावून ठेवलंय.

चौदा तारखेला, जयंतीच्या दिवशी सकाळी, पेटी भांडारात सोडते आहे. मुद्दामच तो दिवस धरला. त्यानंतर ती आपोआप सगळ्यांकडे उतरेल. कुठे कुठे उतरेल ते सगळं मलाही माहीत नाही, हीच त्यातली गंमत आणि हीच धास्ती. पण एक जागा माहीत आहे. पेठच्या बाजूला डोंगरात एक छोटा दवाखाना आहे. तिथल्या सरुबाई नर्स वाड्या-पाड्यांवरच्या बाळांच्या लसींची नोंद माझ्याच पेटीत ठेवतात. कुठल्या बाळाला कुठली लस झाली, कुठली राहिली. रियाजभाईंचं यंत्र लावलं त्याच आठवड्यात मी तिथे जाऊन लावून आले होते, अगदी तसंच, त्याच पद्धतीने. म्हणून तर मी भाईंच्या दुकानाची इतकी वाट बघत होते. तिथे चाललं म्हणजे सरुबाईंकडेही चालणार.

रियाजभाईंना आणि शहनाजभाभींना माझा सलाम सांग. पेटी आत गेली की पहिली मिठाई त्यांच्या दुकानात.

तेजल


पुणे
२२ एप्रिल २०२५

आजी,

अकरा तारखेला शहनाजभाभींच्या फोनवरून तू खरं काय ते सांगितलंस, त्यानंतर मी आले, दुकानात काम केलं आणि तुझ्याकडे न जेवता परत गेले. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. रागात होते आणि अजून थोडी आहे. पण काय झालं होतं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते. भाभी, तुम्हीच वाचून दाखवणार आहात. आजी मध्ये बोलली तर थांबू नका.

रियाजभाईंकडे आणि सरुबाईंकडे मी स्वतः हाताने यंत्र लावलं होतं. तेव्हा घाईत कोठीचं फोल्डर नेहमीच्या जागी न ठेवता मी शेजारी ठेवलं होतं, आणि विसरले होते. नवी आवृत्ती जुनी कोठी शोधायला नेहमीच्या जागी गेली. तिथे काही नव्हतं. मग तिने काय केलं? नवी, रिकामी कोठी बांधली आणि वाढप्याला पंगतीत उभं केलं. सगळं ठीक आहे, एकही मोटर नाही.

जयंतीच्या मिरवणुकीचा ढोल बाहेर वाजत होता आणि मी भाईंच्या दुकानात मोटरींमध्ये मांडी घालून बसले होते. जुनी कोठी सापडली, तशीच्या तशी. सापडली कारण भाईंनी भिडेपोटी यंत्र बंद करून ठेवलं होतं. चालू राहिलं असतं तर न वापरलेल्या फोल्डरांची साफसफाई माझ्याच पेटीने केली असती. सरुबाईंकडचं यंत्र कुणी बंद केलं नसतं, आजी. तिथे पान रिकामं दिसलं असतं, त्यांनी पुन्हा नव्याने नोंदी सुरू केल्या असत्या, आणि जुन्या बाळांच्या नोंदी आठवड्याभरात पुसल्या गेल्या असत्या. तू फोन केला नसतास तर चौदा तारखेला हे मी माझ्या हाताने केलं असतं, टेबलावर तुझं पत्र लावून.

परतताना बसमध्ये मला तुझा राग येत होता, आणि सिन्नरपाशी एकदम लक्षात आलं की माझ्या पेटीने तेच केलं जे तू केलंस. आत काही नाही हे दिसत असताना समोरच्याला सांगायचं, सगळं ठीक. हे मी कुठल्या पुस्तकात शिकले नव्हते. घरात शिकले. आई आजारी असताना तूही असंच लिहवून पाठवायचीस मला होस्टेलवर.

आता बदललंय. जुनी कोठी मिळाली नाही तर पेटी काहीही बांधत नाही. थांबते आणि सांगते, कोठी सापडत नाही. साफसफाई आपोआप करत नाही.

दार बंद झालं. ऑक्टोबरपर्यंत. संस्थेने कळवलं की तेव्हा बघू. बाबांना मीच सांगितलं. त्यांनी पेपर धरला नाही, खर्चाला पाठवू का विचारलं. मी शिकवण्या घेते आहे, चालेल माझं.

दुरुस्त केलेली आवृत्ती शनिवारी पुन्हा भाईंकडेच चढवते आहे. मी त्यांना काही विचारणार नाही, तुलाही नाही. पण एक ठरवलंय. या वेळीही नुसता अंगठा आला, किंवा ‘ठीक’ आलं आणि नंतर कळलं की ठीक नव्हतं, तर मी हे काम सोडून देईन. चुकणं मला सहन होतं. पण जी चूक माझ्यापासून लपवली जाते, ती मी दुरुस्त कशी करू? तसं असेल तर नोकरी बरी. तिथे लोक निदान ओरडतात.

कुसाआजीला पत्र लिहिलं आहे. रवीकाकाच्या हाताचं विचारलं आहे.

तेजल


द्वारका, नाशिक
७ मे २०२५

तेजे,

तुझं पत्र शहनाजने वाचलं. मी मध्ये बोलले, ती थांबली नाही. आईच्या आजारपणाच्या ओळीशी मात्र ती आपण होऊन थांबली. मी वाच म्हटल्यावर तिने पुढचं वाचलं. त्यावर मला काही सांगायचं नाही. खरं आहे.

कुसाची मोटर रियाजने स्वतः सटाण्याला जाऊन भरली, मीही बरोबर गेले. वेढे तू शोधून दिलेस त्यातले. आता चालते आहे आणि तापत नाही. कुसा माझ्याशी बोलते, पण पूजाकरवी, समोर बसूनसुद्धा. पूजा इकडचं तिकडे सांगते आणि दोघींना गोड करते. मिरची निम्मी वाचली.

आता तुझ्या पेटीचं. तू विचारणार नाहीस म्हणालीस म्हणून मी विचारायला गेले. रोज जाते. पहिल्या दिवशी रियाज म्हणाला, 'एकदम बढिया, आक्का.' दुसऱ्या दिवशी म्हणाला, 'मस्त.' मी स्टुलावर बसून राहिले. गिऱ्हाइकं येतात, जातात, मी बसलेली. त्याला वाटलं मला उन्हाचं घरी जायचं नाही, म्हणून ताक मागवलं. ताकही प्यायले. मोटरी सगळ्या दिसतात, हे शहनाजने एकेक वाचून मला सांगितलं. मी जमिनीवरच्या मोटरीवर हात ठेवायचा आणि तिने मोबाईलमध्ये ती शोधायची, असं केलं. एकही हरवलेली नाही. तेव्हा तेवढं खरोखरच ठीक आहे. हा शब्द मी एकदाच वापरला आहे, आणि हात लावून वापरला आहे.

पण काल मी बसलेली असताना लाइट गेली. आली. आणि रियाज कारण न सांगता स्टूल मागायला लागला. मी म्हटलं, मी बसले आहे त्याच्यावर, तुला कशाला हवं? तर म्हणतो, 'काही नाही आक्का, जरासं.' उठले. तो स्टुलावर चढला, वरच्या फळीवरच्या तुझ्या डबीचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, उतरला, आणि स्टूल पुसून मला दिलं.

मी शहनाजला म्हटलं, आता मोबाईलवर काय दिसत होतं ते याला विचार. शेवटी बोलला. लाइट गेली आणि आली की तुझा वाढपी आधी उठतो. लाइट झटक्यात गेली की कोठीला उठायला वेळ लागतो, ती अजून उठलेली नसते. वाढपी जातो, दार बंद बघतो, आणि तू शिकवलंस तसं बरोबर सांगतो, कोठी सापडत नाही. आणि मग बसून राहतो. कोठी मागून उठते, उघडी पडलेली असते, पण हा पुन्हा जाऊन बघत नाही. बटणाने नीट बंद करून चालू केलं तरच दोघे बरोबर उठतात. रियाजने हे पहिल्या दिवसापासून बघितलं आहे. रोज चढतो, रोज दाबतो, आणि मला रोज बढिया सांगतो.

मी त्याला म्हटलं, तुझ्याकडे स्टूल आहे. तिकडे पेठच्या डोंगरात लाइट दिवसातून किती वेळा जात असेल? त्या नर्सबाईंनी बाळाला सुई टोचायची की फळीवर चढायचं?

तेव्हा तक्रार लिहून घे. तुझ्या पेटीत वाढप्याला कोठीच्या आधी उठायची खोड आहे, आणि एकदा नाही म्हटलं की पुन्हा विचारायची लाज आहे. हे दुरुस्त कर. उत्तर नंतर पाठव. जेवलीस की नाही ते मी विचारत नाही. उपाशी बसून दुरुस्त होत असेल तर तसं कर. तुझं तुला कळतं.

रियाज आत्ता दारात आला आहे. शहनाज काय लिहिते ते वाकून बघतो आहे. म्हणतो, 'आक्का, राहू द्या ना. एवढ्याशा गोष्टीसाठी पोरीला कशाला त्रास. मी दाबतो की बटण.'

शहनाज, तो म्हणाला तेही लिही.

आक्काबाई